आकाशातला पंक्तिप्रपंच

1958 साली अटलांटिकवरून उडणाऱ्या विमानकंपन्यांमध्ये सँडविचवरून भांडण जुंपलं. त्या वर्षी एप्रिलपासून युरोप-अमेरिका मार्गावर इकॉनॉमी हा नवा, स्वस्त वर्ग सुरू झाला होता. भाडं किती घ्यायचं हे कंपन्यांच्या हातात नव्हतं. ते आयाटा ही विमानकंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ठरवी आणि त्या त्या देशाचं सरकार त्यावर शिक्का उमटवी. भाडं सारखं, विमानंही जवळपास सारखी, मग प्रवासी आपल्याकडे ओढायचा कशानं? अर्थात जेवणानं. हे ओळखून आयाटानं जेवणालाही लगाम घातला होता: इकॉनॉमीतल्या प्रवाशाला साधं, थंड आणि स्वस्त सँडविच द्यावं, त्यापलीकडे काही नाही. स्कँडिनेव्हियातल्या एसएएस कंपनीनं नियम मोडला नाही, फक्त आपल्या मुलखाच्या रीतीनं पाळला. तिकडचं सँडविच म्हणजे पावाची एकच फोड आणि वर मांस, मासे, अंडी, भाज्या यांचा असा थर की खालचा पाव शोधावा लागावा. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीनं तक्रार केली, प्रकरण आयाटापुढे गेलं आणि एसएएसला वीस हजार डॉलर दंड झाला. सँडविच किती जाड असावं यावर मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी गंभीर चेहऱ्यानं वाद घालत होते, याची गंमत वाटते खरी. पण विमानातली चांगली सेवा कुठून येते याचं उत्तरही त्या भांडणातच आहे.

विमानसेवेचा दर्जा आणि वारंवार उडणाऱ्या प्रवाशाला मिळणारं सोनेरी-चंदेरी कार्ड या दोन गोष्टी आज एकाच दमात बोलल्या जातात. कार्ड असेल तर सेवा चांगली, नसेल तर नशीब, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र उलटी साक्ष देतो. चांगली सेवा जन्माला येते ती प्रवासी उद्या दुसऱ्या कंपनीकडे जाईल या धास्तीतून. आणि स्टेटस नावाची योजना निघाली ती प्रवाशानं दुसरीकडे जाऊच नये म्हणून. ज्या धास्तीमुळे कंपनी सर्वांशी नीट वागते, तीच धास्ती ही योजना थोड्या जणांना सवलती देऊन विकत घेते. त्यामुळे स्टेटसची व्यक्तिगत किंमत जसजशी वाढते तसतशी बाकीच्यांच्या वाट्याची सेवा झिजते. या दोन्ही गोष्टी योगायोगानं एकत्र आलेल्या नाहीत. एकीतून दुसरी निघते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा परदेशात शोधायची गरज नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तिथून सुरू झालेली टाटांची कंपनी 1946 मध्ये एअर इंडिया झाली. 1948 च्या जूनमध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं आणि देशाची आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली. मग 1953 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. एकाच कायद्यानं दोन महामंडळं निघाली. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल, आणि देशांतर्गत आठ कंपन्यांची मोट बांधून केलेली इंडियन एअरलाइन्स. मालक एकच, मंत्रालय एकच, कामगार कायदे तेच. इतकंच नव्हे, तर एअर इंडियाचे अध्यक्ष असलेले जेआरडी इंडियन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावरही होते. म्हणजे माणूसही तोच.

आणि तरीही पुढच्या पंचवीस वर्षांत दोघींचे रस्ते पार वेगळे झाले. एअर इंडिया जगातल्या उत्तम कंपन्यांत गणली जाऊ लागली. 1962 मध्ये तर तिचा सगळा ताफा जेट विमानांचा झाला, आणि अशी ती जगातली पहिली कंपनी ठरली. 1971 मध्ये आलेल्या ‘एम्परर अशोक’ या जम्बो जेटच्या खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेली होती. चहाचा रंग, पडद्याचं कापड, स्वच्छतागृहाची अवस्था असल्या बारीकसारीक गोष्टींवर अध्यक्ष स्वतः टिपणं पाठवत. 1967 मध्ये कंपनीनं साल्वादोर दालीकडून प्रवाशांना भेट देण्यासाठी राखपात्र करून घेतलं आणि मोबदला म्हणून त्याला चक्क हत्तीचं पिल्लू पाठवलं. भाडं कमी करून गिऱ्हाईक ओढायला बंदी असली की कल्पकता कुठकुठे जाते ते यावरून दिसतं. उलट इंडियन एअरलाइन्सच्या प्रवाशाच्या वाट्याला प्रतीक्षायादी, उशीर आणि खिडकीपलीकडचा बेफिकीर चेहरा आला. जागा मिळवायची तर ओळख हवी, साहेबाची चिठ्ठी हवी, नाहीतर कोट्यात नाव हवं. वशिला हे त्या काळचं स्टेटस होतं, फक्त त्याचं कार्ड छापलेलं नव्हतं.

हा फरक कशाचा? एअर इंडियाची ख्याती जेआरडींच्या व्यक्तिगत ध्यासाची होती असं म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्यात तथ्य नाही असं कोण म्हणेल. पण ध्यास असलेला माणूस दोन्ही दालनांत बसत होता, तर ध्यास एकाच दालनात का फळला? कारण मुंबईहून लंडनला जाणाऱ्या माणसापुढे बीओएसी, पॅन ॲम, स्विसएअर, लुफ्थान्सा अशा अनेक कंपन्या उभ्या होत्या. भाडं सगळीकडे एकच, तेव्हा चहा कडवट लागला तर तो पुढच्या वेळी दुसरीकडे जाई. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याला दुसरीकडे नावाची जागाच नव्हती. रेल्वे होती, पण ती विमानकंपनी नव्हे. 1946 मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईतच जन्माला घातलेला, एअर इंडियाच्या बोधचिन्हातला महाराजा कमरेत वाकून प्रवाशाचं स्वागत करतो, तो याच स्पर्धेपायी. राजा असून वाकतो, ही त्यातली खुबी. तो ज्याच्यापुढे वाकतो त्याची वर्षाची उड्डाणं किती हे तो विचारत नाही.

इथे एक आक्षेप न्याय्य आहे. त्या सुवर्णकाळात उडत होतं कोण? मूठभर. भाडं चढं ठेवायचं, अर्धी विमानं रिकामी उडवायची आणि उरलेल्यांना रुमालात गुंडाळून चमचे द्यायचे, याला सेवा म्हणायचं का? अमेरिकेत 1938 पासून भाडी आणि मार्ग ठरवणारं सरकारी मंडळ होतं. तिथे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विमानं सरासरी निम्मीच भरत, आणि अमेरिकन एअरलाइन्सनं जम्बो जेटच्या मागच्या भागात पियानो ठेवून गाण्याबजावण्याची सोय केली होती. ज्या जागेवर पियानो होता त्या जागेवर आणखी माणसं बसली असती आणि तिकीट स्वस्त झालं असतं, हे अर्थतज्ज्ञ तेव्हाच सांगत होते. त्यातलेच एक आल्फ्रेड कान त्या मंडळाचे प्रमुख झाले आणि 1978 च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं नियंत्रण उठवणारा कायदा झाला. तो कायदा चूक होता असं माझं म्हणणं नाही. त्यानंतर भाडी उतरली, आणि ज्यांच्या घरात कुणी विमानात बसलं नव्हतं अशी माणसं बसू लागली. जुना काळ परत यावा म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी आपण त्या काळात तिकीट काढू शकलो असतो का, एवढं आधी स्वतःला विचारावं.

पण कायद्याला अपेक्षित नसलेली एक गोष्ट तीन वर्षांच्या आत घडली. भाडं मोकळं झालं तसा प्रवासीही मोकळा झाला, आज या कंपनीचं तिकीट, उद्या त्या. कंपन्यांना हे झेपेना. 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडव्हांटेज’ ही योजना काढली. रॉबर्ट क्रँडल यांच्या त्या कंपनीकडे सेबर ही संगणकावरची आरक्षण यंत्रणा होती. त्या यंत्रणेत तेच तेच फोन नंबर पुन्हा पुन्हा कुठे येतात हे शोधून सतत उडणारी माणसं वेचली गेली आणि प्रत्येक मैलामागे त्यांच्या खात्यात मैल जमा होऊ लागले. आठवडा उलटायच्या आत युनायटेडनं तशीच योजना आणली, आणि वर्ष सरेपर्यंत इतर मोठ्या कंपन्याही आल्या. खात्यातल्या मैलांवर पुढे पायऱ्या उभ्या राहिल्या, चांदी, सोनं, प्लॅटिनम अशा. त्या पायऱ्यांनाच स्टेटस म्हणतात. वर्ष संपलं की पायरी पुन्हा चढायची, नाही चढली तर खाली. प्रवाशाला बांधून ठेवणारी मेख इथे आहे. मैल हे निदान जमा झालेलं धन तरी असतं. स्टेटस मात्र दर वर्षी नव्यानं भरायचा खंड आहे, आणि डिसेंबरात दोन उड्डाणं कमी पडताहेत म्हणून गरज नसताना कुठेतरी जाऊन येणारी शहाणीसुरती माणसं जगभर आहेत.

आधी मानमरातब नव्हता असं नाही. 1939 मध्येच अमेरिकन एअरलाइन्सनं न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘ॲडमिरल्स क्लब’ काढला होता, तोही निमंत्रितांसाठी. पण तो कंपनीच्या मर्जीचा पाहुणचार होता, त्याची पायरी-पायरीनं वसुली नव्हती. 1981 नंतर बदललं ते हे की मान हिशेबात आला. आणि त्या हिशेबातली सर्वांत सोयीची गोम अशी की तिकिटाचे पैसे एक जण देतो आणि मैल दुसऱ्याच्या खात्यात जातात. कामानिमित्त फिरणाऱ्याचं तिकीट त्याची कंपनी किंवा सरकार काढतं, बक्षीस मात्र त्याचं स्वतःचं. तेव्हा स्वस्त विमान सोडून महागडं पण ‘आपलं’ विमान घ्यायला त्याचं काय जातं? 2002 मध्ये जर्मनीत यावरून राजकीय वादळ उठलं. सरकारी प्रवासात मिळालेले मैल खासगी सहलींसाठी वापरल्याचं उघड झालं तेव्हा ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ग्रीन पक्षाचे चेम ओझदेमिर यांनाही पद सोडावं लागलं. भारत सरकारनंही आपल्या कर्मचाऱ्यांना सरकारी प्रवासातले पॉइंट सरकारी प्रवासासाठीच वापरण्याचा नियम घालून दिला आहे. तेव्हा ही योजना म्हणजे दुसऱ्याच्या पैशावरची निष्ठा, हे सरकारांच्याही ध्यानात आलेलं होतं.

त्याहून पुढचं पाऊल नॉर्वेनं टाकलं. त्या देशात एसएएसचं देशांतर्गत वर्चस्व होतं, आणि नवी कंपनी कितीही चांगली सेवा देवो, प्रवाशाच्या खात्यातले पॉइंट त्याला जागचं हलू देत नसत. 2002 मध्ये तिथल्या स्पर्धा नियंत्रकांनी देशांतर्गत उड्डाणांवर पॉइंट देण्यालाच बंदी केली. ती 2013 पर्यंत टिकली. सँडविचवर दंड भरणारी कंपनी आणि पॉइंटांवर बंदी ओढवून घेणारी कंपनी एकच, हा इतिहासाचा चावटपणा म्हणायचा. पण दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहिली की फरक लख्ख दिसतो. 1958 मध्ये तिच्यावर आरोप होता तो प्रवाशाला जास्त दिल्याचा. 2002 मध्ये आक्षेप होता तो प्रवाशाला अडकवून ठेवल्याचा.

आता मुख्य आक्षेप. चार जणांना लाउंज, आधी चढायची मुभा, जादा सामान दिलं तर पाचव्याचं काय बिघडलं? त्याचं काहीच काढून घेतलेलं नाही ना? हा युक्तिवाद वरून निर्दोष दिसतो, पण त्याचं उत्तर आगगाडीच्या काळातच दिलं गेलं आहे. 1849 मध्ये फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई यानं आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाबद्दल एक निरीक्षण लिहून ठेवलं आहे. डब्यावर छप्पर घालायला फारसा खर्च येत नाही, तरी कंपन्या ते घालत नाहीत. तिसऱ्या वर्गातल्या गरिबाशी त्यांचं वैर नसतं. दुसऱ्या वर्गाचं भाडं देऊ शकणाऱ्यानं तिसऱ्यात बसू नये म्हणून त्यांना तिसऱ्याची भीती दाखवायची असते. आपल्याकडच्या तिसऱ्या वर्गाचे हाल काय होते ते गांधीजींनी 1917 मध्ये मुंबई ते मद्रास प्रवासाच्या वर्णनासह लिहिलं आहे. द्युपुईनं सांगितलेलं हेच विमानातही घडलं. आधी चढण्याच्या मुभेला किंमत येते ती सामान ठेवायला जागा उरत नाही म्हणून. आणि जागा उरत नाही, कारण खाली टाकायच्या सामानाला पैसे लागू झाले आणि जो तो पेटी वर आणू लागला. वेगळ्या रांगेचं मोल साध्या रांगेच्या लांबीवर ठरतं. विशेष फोन नंबरचं मोल साध्या नंबरवर ऐकाव्या लागणाऱ्या संगीतावर. पंगतीत एकाच्या पानात तूप जास्त वाढलं तर शेजाऱ्याच्या पानातलं कमी होत नाही हे खरं. पण वाढप्याला तुपाची किंमत वसूल करायची असेल तर त्याला शेजाऱ्याचं पान कोरडंच ठेवावं लागतं.

स्टेटसची खरी किंमत कळते ती विमान रद्द झाल्यावर. दीडशे-पावणेदोनशे माणसं एकदम रस्त्यावर येतात, पुढच्या विमानात जागा बारा, आणि त्या बारांची यादी संगणक पायरीप्रमाणे लावतो. प्लॅटिनमवाला त्या रात्री घरी पोहोचतो. त्याच्या दृष्टीनं वर्षभराच्या निष्ठेचं चीज झालं, आणि त्यात त्याचा दोष काहीच नाही. पण या व्यवस्थेत कंपनीला काय कळतं? सगळ्यांत जास्त पैसे देणारा, सगळ्यांत जास्त ओरडू शकणारा, वर्तमानपत्राला पत्र लिहू शकणारा प्रवासी समाधानी आहे. उरलेल्यांचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचायचं मुख्य साधनच निघून गेलं. जुन्या एअर इंडियाच्या विमानात चहा कडवट असेल तर तो मंत्र्यालाही कडवट लागत होता.

आपल्याकडे हे सगळं जरा उशिरा आणि मग एकदम आलं. 1992-93 मध्ये ईस्ट-वेस्ट, दमानिया, जेट, सहारा अशा खासगी कंपन्या उडू लागल्या आणि 1994 मध्ये 1953 चा मक्तेदारीचा कायदा रद्द झाला. त्या पहिल्या काही वर्षांत पुन्हा तेच दिसलं: प्रवासी जाऊ शकतो असं कळताच सेवा सुधारते. दमानियानं देशांतर्गत विमानात मद्य दिलं, जेटनं वेळ पाळली, आणि सरकारी काउंटरवरचे चेहरेही थोडे हसरे झाले. पण दशक सरायच्या आत इथेही कार्डं आली. जेटची ‘जेटप्रिव्हिलेज’, एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’, आणि पुढे 2005 मध्ये उतरलेल्या किंगफिशरची ‘किंग क्लब’. याच सुमाराला उलट टोकाचाही प्रयोग झाला. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. फुकट जेवण नाही, पायऱ्या नाहीत, काही तिकिटं तर एक रुपयाची, आणि बोधचिन्ह म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. महाराजा आणि कॉमन मॅन, दोन्ही मुंबईत रेखाटलेले. डेक्कनला पैशाचं गणित जमलं नाही, किंगफिशरनं ती गिळली आणि तो चौकड्यांच्या कोटातला माणूस विमानांवरून पुसला गेला. किंगफिशरचं आदरातिथ्य अनेकांना अजून आठवतं. कंपनीनं मात्र एकाही वर्षी नफा दाखवला नाही. 2012 च्या ऑक्टोबरात तिचा परवाना निलंबित झाला आणि किंग क्लबचे पॉइंट मातीमोल झाले.

जेटची कथा अधिक बोलकी आहे. 2014 मध्ये तिनं आपल्या पॉइंटांच्या योजनेची वेगळी कंपनी करून तिचे 50.1 टक्के शेअर पंधरा कोटी डॉलरना एतिहाद या विमानकंपनीला विकले. 17 एप्रिल 2019 रोजी अमृतसरहून मुंबईला निघालेलं विमान जेटचं शेवटचं ठरलं. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले, प्रवाशांच्या तिकिटांचे पैसे अडकले. पॉइंटांची कंपनी मात्र जिवंत राहिली आणि त्याच वर्षी नाव बदलून ‘इंटरमाइल्स’ झाली. विमान गेलं, निष्ठा उरली. कुणाशी निष्ठा, हा प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. अमेरिकेत करोनाच्या साथीनं हेच मोठ्या आकड्यांत दाखवलं. जून 2020 मध्ये युनायटेडनं आपली पॉइंट योजना तारण ठेवून कर्ज उभारलं, तेव्हा त्या योजनेची किंमत सुमारे 22 अब्ज डॉलर सांगितली. शेअर बाजारात तेव्हा सबंध युनायटेडची किंमत त्याहून बरीच कमी होती. वजाबाकी केली तर विमानं, वैमानिक आणि उड्डाणांच्या वाट्याला शून्याखालचा आकडा येतो. 1987 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं सिटीबँकेबरोबर क्रेडिट कार्ड काढलं त्याचं हे फळ. कंपन्या आता बँकांना पॉइंट विकतात. एकट्या डेल्टाला 2023 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसकडून सुमारे 6.8 अब्ज डॉलर मिळाले. ज्या धंद्याचा मोठा गिऱ्हाईक बँक झाला, त्यात प्रवाशाच्या चहाकडे कोण बघणार? त्यातून स्टेटसही पातळ होत जातं. कार्डावर लाउंज मिळू लागलं तशी लाउंजबाहेर रांग लागली, आणि 2023 मध्ये डेल्टानं नियम इतके कडक केले की ओरड झाल्यावर तिच्या प्रमुखांनाच अतिरेक झाल्याचं मान्य करून ते काही अंशी मागे घ्यावे लागले.

मग स्टेटसशिवाय धंदा होतच नाही का? होतो, आणि त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या इंडिगोनं जवळपास अठरा वर्षं चांदी-सोन्याच्या पायऱ्या ठेवल्या नाहीत. बँकेच्या कार्डावरची एक छोटी योजना सोडली तर काही नव्हतं. एक वर्ग, सुरुवातीच्या काळात एकाच जातीचं विमान, खाणं विकत, आणि वेळेवर सुटणं हीच सेवा. वेळ ही अशी गोष्ट आहे की ती पहिल्या रांगेतल्याला आणि तिसाव्या रांगेतल्याला एकाच क्षणी मिळते, तिच्या पायऱ्या करता येत नाहीत. एवढ्या भांडवलावर 2023 पर्यंत देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास तिच्याकडे आले. किंगफिशर आणि जेट बुडाल्यानं तिचं मैदान मोकळं झालं हे मान्य, पण त्या बुडाल्या तेव्हा प्रवासी कुणाकडे वळले हेही बघायला हवं. आणि मग 2024 च्या ऑगस्टमध्ये दोन घोषणा एकाच वेळी झाल्या: निवडक मार्गांवर रुंद खुर्च्यांचा वेगळा वर्ग, आणि ‘ब्लूचिप’ ही पॉइंटांची योजना. सेवेचे वर्ग पाडणं आणि निष्ठेचा हिशेब ठेवणं ही जोडी इथेही जोडीनंच आली. आणि आली कधी? देशात दोनच मोठे प्रतिस्पर्धी उरले तेव्हा, म्हणजे प्रवाशाला जाण्यासारखी जागाच थोडी राहिली तेव्हा.

नेहमीच्या गिऱ्हाइकाची ओळख ठेवू नये का, असं कुणी विचारेल. जरूर ठेवावी. वैमानिकानं, कर्मचाऱ्यानं नावानं हाक मारावी, जागा लक्षात ठेवावी. त्याला कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती हक्काच्या गोष्टी ओळखीच्या पेटीत टाकण्याला. विमान रद्द झालं तर पुढची सोय, जागा नाकारली तर भरपाई, हरवलेल्या सामानाचा शोध, बोलायला जिवंत माणूस, ही बक्षिसं नव्हेत. युरोपीय संघानं 2005 पासून लागू केलेल्या नियमात 250 ते 600 युरोंची भरपाई आहे आणि ती कार्डाचा रंग पाहत नाही. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम 2010 पासून आहेत, आणि तिकीट असून जागा नाकारली तर वीस हजार रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. अशा नियमानं तिकिटं महागतात असं कंपन्या म्हणतात. थोडी महागत असतील. पण मग ती महागाई सर्वांच्या तिकिटात समान वाटली जाते आणि तिच्या बदल्यात मिळणारी गोष्टही समान वाटली जाते. स्टेटसचा खर्चही शेवटी तिकिटातूनच निघतो, फक्त तो वर्षातून एकदा लग्नाला जाणाऱ्या माणसाच्या तिकिटातूनही निघतो आणि त्या माणसाला बदल्यात काहीच मिळत नाही. एअर इंडियानं 2024 मध्ये पॉइंट अंतरावर न मोजता तिकिटाच्या किमतीवर मोजायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या कंपन्यांनी हा बदल 2015-16 मध्येच केला होता. त्यानंतर वारंवार उडणारा आणि भरपूर खर्च करणारा यांतली उरलीसुरली गल्लतही संपली. 2025 मध्ये त्या योजनेचं नाव ‘महाराजा क्लब’ झालं. म्हणजे पूर्वी वाकून स्वागत करणारा महाराजा आता सभासदत्व देतो.

सेवा आणि स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अगदी अलीकडे एका विलीनीकरणानं फार स्पष्टपणे दाखवलं. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची विस्तारा 2015 च्या जानेवारीत सुरू झाली आणि 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात मिसळली. क्लब विस्ताराच्या सभासदांचे पॉइंट फ्लाइंग रिटर्न्समध्ये एकास एक वळते झाले, पायरीही राखली गेली. हिशेबाच्या बाजूनं कुणाचं काही बुडालं नाही. पण प्रवाशांची काळजी दुसरीच होती: ते विमान, ते कर्मचारी, ते जेवण मिळेल का? त्याचं कोणतंही खातं नव्हतं, त्यामुळे ते वळतं करता येईना. अखेर कंपनीनं एक युक्ती केली. पूर्वी विस्ताराची असलेली उड्डाणं ओळखू यावीत म्हणून त्यांना दोनपासून सुरू होणारे चार आकडी क्रमांक दिले. त्यानंतर मुंबई-दिल्लीचं तिकीट काढताना जाणकार प्रवासी आपल्या पॉइंटांची शिल्लक बघायच्या आधी विमानाच्या क्रमांकातला पहिला आकडा बघू लागले.